भिंतीवरची झाडं आणि साचा

मराठीत साच्याला मान नाही. एखाद्याचं लिखाण आवडलं नाही की आपण त्याला साचेबद्ध म्हणतो. मुलानं गाईडमधलं उत्तर जसंच्या तसं उतरवलं की ते छापील. नाटकातलं पात्र पटलं नाही की ते ठोकळेबाज. जे ताजं, जे स्वतःचं, ते साच्याबाहेरचं असणार हे आपण जणू गृहीतच धरलेलं आहे. निबंधाच्या वह्या तपासताना समासात लिहायला हे शब्द फार सोयीचे असतात.

हल्ली घराघरांत एक हौस दिसते. खोलीच्या तीन भिंती साध्या ठेवायच्या आणि चौथी वेगळी करायची. तिला ॲक्सेंट वॉल म्हणतात. त्या भिंतीवर पानं, फुलं, वेली, तीही जलरंगात काढल्यासारखी. कडा विरलेल्या, रंग कुठे गडद कुठे फिका. जवळ जाऊन पाहिलं तर कळतं की हे चित्रकारानं काढलेलं नाही. प्लॅस्टिकच्या पातळ पत्र्यात पानाफुलांचे आकार कापलेले असतात, तो पत्रा भिंतीला चिकटवायचा आणि त्यातून रंग थोपटायचा. म्हणजे स्टेन्सिल. माझ्या एका जुन्या विद्यार्थिनीनं सुट्टीच्या चार दिवसांत अशी भिंत स्वतः केली आणि मला बघायला बोलावलं. भिंत सुरेख झाली होती. तिनं विचारलं, "बाई, हातानं काढल्यासारखं वाटतं ना?"

प्रश्न साधाच आहे, पण मला तो मोठा गमतीचा वाटला. साचा वापरायचा आणि साचा वापरला हे कळू नये अशीही इच्छा धरायची! त्या निमित्तानं मी थोडं जुनं वाचायला घेतलं. भिंतीवर झाडं कोण काढत आलं, कशी काढत आलं आणि कुठली झाडं काढत आलं, हे पाहू लागले. त्यातून जे हाती लागलं ते इथे मांडते.

साचा तसा माणसाइतकाच जुना म्हणायचा. इंडोनेशियातल्या सुलावेसी बेटावरच्या एका गुहेत भिंतीवर तळहात ठेवून भोवती तांबडा रंग फुंकलेला आहे. हात काढून घेतला, त्याची जागा मागे राहिली. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार त्यातला एक हात किमान ३९,९०० वर्षांपूर्वीचा आहे. तिथे साचा होता तो माणसाचा स्वतःचा हातच. हाताचं काम आणि साच्याचं काम ही भांडणारी भावंडं आपण पुढे केली, सुरुवातीला तसं काही नव्हतं.

पुढे भिंती मोठ्या झाल्या, देवळं आणि लेणी आली, आणि एकच आकृती शेकडो वेळा काढायची वेळ आली. चीनमधल्या दुनहुआंगच्या लेण्यांत भिंती आणि छतं बुद्धाच्या लहान लहान सारख्या आकृत्यांनी भरलेली आहेत. तिथल्या बंद केलेल्या ग्रंथगुहेतून ऑरेल स्टाइननं १९०७ साली जे कागद नेले, त्यांत सुईनं भोकं पाडलेले खाकेही होते. रेषेवर बारीक भोकं पाडायची, कागद भिंतीला लावायचा आणि वरून रंगाच्या पुडीची पुरचुंडी आपटायची. कागद काढला की भिंतीवर ठिपक्यांची रेघ उमटते. मग त्यावरून कुंचला फिरवायचा.

आपल्याकडे मोगल चित्रशाळांमध्ये हीच पद्धत होती. हरणाच्या पातळ, पारदर्शक कातड्यावर चित्र गिरवून घेत, त्याला चरबा म्हणत. रेषेवर भोकं पाडून कोळशाच्या पुडीनं ते दुसरीकडे उतरवत. माझ्या वयाच्या बायकांना यात काही नवल वाटणार नाही. उशीच्या अभ्र्यावर भरतकाम करायचं तर आम्ही ट्रेसिंग पेपरवर नक्षी काढायचो, सुईनं टोचायचो आणि रॉकेलमध्ये कालवलेली नीळ बोळ्यानं वरून फिरवायचो. बोटं दोन दिवस निळी आणि हाताला रॉकेलचा वास. आपण दरबारी चित्रकारांचं तंत्र वापरतोय हे कुणाला ठाऊक होतं?

आता झाडांकडे येते. जहांगीर बादशहा १६२०च्या वसंतात काश्मीरला गेला आणि तिथल्या फुलांनी वेडावला. उस्ताद मन्सूर या आपल्या चित्रकारानं तिथल्या शंभराहून अधिक फुलांची चित्रं काढली, असं त्यानं आत्मचरित्रात नोंदवलं आहे. त्यातली अगदी थोडी आज उरली आहेत. पण फूल मुळासकट, खोडासकट, एकटं उभं दाखवण्याची जी रीत त्या काळात रुजली ती भिंतींवर पसरली. नूरजहाँनं आग्र्याला वडिलांसाठी बांधलेली इतिमाद-उद्-दौलाची कबर १६२८च्या सुमारास पुरी झाली. तिच्यावर सुरूची झाडं आहेत, फुलदाण्या आहेत, फुलांचे ताटवे आहेत. मग ताजमहालच्या भिंतींच्या खालच्या पट्ट्यात कोरलेली फुलझाडं आली. अभ्यासक सांगतात की या फुलांच्या ठेवणीत युरोपातून आलेल्या छापील वनस्पती-ग्रंथांचाही हात आहे. म्हणजे तिकडच्या लाकडी ठशावरचं फूल इकडे संगमरवरात उमललं. ताजमहालची फुलं पाहून 'छापील' म्हणायची आपली छाती होणार नाही.

आपल्या पेशवाईतल्या वाड्यांतही झाडं आली, ती बहुतेक लाकडात. खांब सुरूच्या आकाराचे आणि महिरपीला केळफूल. केळफूल आपल्या परसातलं आहे, पण सुरू? पुण्याच्या पेठांत सुरूचं बन कुणी पाहिलं होतं? तो आला मोगलांकडून, मोगलांकडे आला इराणातून. ज्याच्याखाली कधी कुणी बसलं नाही असं झाड पुण्याच्या दिवाणखान्याचं छत तोलत उभं राहिलं. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

दरबार आणि वाडे झाले. पण साध्या माणसाच्या भिंतीचं काय? या प्रश्नाचं सगळ्यात चांगलं उत्तर मला अमेरिकेत, न्यू इंग्लंड नावाच्या ईशान्येकडच्या भागात सापडलं.

अठराव्या शतकाच्या अखेरीस तिथला शेतकरी जरा सुस्थितीत आला. घरं लाकडी, आत गिलाव्याच्या भिंती. श्रीमंतांच्या घरी वॉलपेपर असे, पण तो महाग. इंग्लंडात तर १७१२पासून नक्षीच्या कागदावर कर होता, तो १८३६ साली उठला. तिथे लोक कर चुकवायला कोरा कागद भिंतीला डकवून मग त्यावर साच्यानं नक्षी करून घेत. न्यू इंग्लंडच्या शेतकऱ्यानं कागदच वगळला. गावोगाव फिरणारे रंगारी असत. ते येत, मुक्काम करत आणि थेट गिलाव्यावर साच्यानं झाडंफुलं उमटवून पुढच्या गावी जात. साधारण १८००पासून १८४०पर्यंतचा हा काळ.

या रंगाऱ्यांतलं एक नाव आज पक्कं माहीत आहे, मोझेस ईटन. बाप आणि मुलगा दोघांचं नाव तेच. बाप अमेरिकन स्वातंत्र्ययुद्धात लढलेला, तो १८३३ साली वारला. मुलगा १७९६चा, न्यू हॅम्पशायरमध्ये राहणारा, नव्वद वर्षं जगला. जाड कागदाला तेल आणि रंग पाजून टणक केलेले त्याचे साचे आणि ब्रश एका पेटीत ठेवलेले होते. ती पेटी त्याच्या घराच्या माळ्यावर पडून राहिली. विसाव्या शतकात जेनेट वेअरिंग नावाच्या अभ्यासिकेनं गावोगाव हिंडून अशा भिंतींची नोंद केली आणि १९३७ साली त्यावर ग्रंथ काढला, तेव्हा त्या पेटीचं मोल लोकांना कळलं. एरवी या कलेतली बहुतेक माणसं नावाविना गेली आहेत.

त्या साच्यांत होतं काय? पानांच्या वेली, ओकची पानं, फुलांच्या परड्या, झुकलेला विलो आणि अननस! बर्फात सहा-सहा महिने गाडल्या जाणाऱ्या मुलखात भिंतीवर अननस. अननस मूळचा दक्षिण अमेरिकेतला. तिथे तो पाहुणचाराची खूण समजला जाई असं सांगतात. झुकलेला विलोसुद्धा मूळचा चीनमधला. म्हणजे पुण्याच्या सुरूसारखीच ही तऱ्हा. भिंतीवर लावायची झाडं माणसं अंगणातून घेत नाहीत, बहुतेक वेळा मनातून घेतात. जे दारात उगवत नाही तेच आत हवं असतं.

याच काळात रूफस पोर्टर नावाचा मोठा खटपट्या माणूस न्यू इंग्लंडात फिरत होता. पुढे १८४५ साली 'सायंटिफिक अमेरिकन' हे नियतकालिक सुरू केलं तो हाच. तो भिंतीभर निसर्गचित्रं काढी. डोंगर, बंदर, शेतं आणि मोठमोठी झाडं. झाडं हातानं, पण घरं, गलबतं यांसारख्या पुन्हा पुन्हा लागणाऱ्या गोष्टींना साचे. विशेष म्हणजे त्यानं आपली विद्या लपवून ठेवली नाही. १८२५ साली छोटंसं पुस्तक काढून त्यात भिंती रंगवायची कृती दिली, पुढे आपल्या नियतकालिकातही ती लिहिली. चित्रांना विषय अमेरिकन शेतीवाडीचेच घ्यावेत असंही त्याचं मत होतं. म्हणजे अंगणातलं झाड भिंतीवर आणा, असं सांगणारा माणूसही त्या काळात होता.

मग ही कला गेली कशी? यंत्रानं. १८३९ साली इंग्लंडात कापडछपाईच्या रुळांसारखे रूळ लावून कागदावर नक्षी छापायचं यंत्र आलं. काही वर्षांत वॉलपेपर इतका स्वस्त झाला की फिरत्या रंगाऱ्याला कोण बोलावणार? घरोघर त्या रंगवलेल्या भिंतींवर कागद डकवले गेले. एकावर एक थर चढले. आणि शंभर वर्षांनी लोक जुने कागद खरवडू लागले तेव्हा खालून विलो आणि अननस बाहेर आले, रंग शाबूत. ज्या कागदानं कला मारली त्याच कागदानं ती ऊनधुरापासून जपली. इतिहासाचा हा न्याय मला फार आवडतो.

आता थोडं साच्याच्या कारागिरीबद्दल. सायक्लोस्टाइलवर प्रश्नपत्रिका काढणाऱ्या प्रत्येक शिक्षकाला हे माहीत आहे. मेणकागदावर टाइप करताना कळ जोरात बसली की 'व'चं आणि 'ब'चं पोट गळून पडे आणि छापताना तिथे काळा ठिपका येई. चौथीच्या मुलांना 'वड' आहे की काय आहे ते ओळखावं लागे. कारण उघड आहे. चारी बाजूंनी कापलं की मधला तुकडा धरून ठेवणार कोण? म्हणून साच्यात पूल ठेवावे लागतात. डब्यांवर, खोक्यांवर रंगवलेल्या अक्षरांत मध्ये मध्ये जी फट दिसते ती त्या पुलांची. फुलाची पाकळी आणि देठ यांच्यामध्येही तशीच फट राहते. चांगला साचा कापणारा ती फट अशी बसवतो की ती पानाची शीर वाटावी. दुसरा उपाय म्हणजे प्रत्येक रंगाला वेगळा साचा. पहिल्याची फट दुसरा भरून काढतो. ईटन हेच करत होता. या अडचणीवर सगळ्यात नाजूक उपाय जपानी कारागिरांनी काढला. पर्सिमनच्या रसानं चिवट केलेल्या कागदाचे त्यांचे साचे असत आणि सुटे तुकडे रेशमाच्या केसासारख्या धाग्यांनी जोडलेले असत.

आपल्या ब्रजभूमीतली सांझी या बाबतीत कुणाला हार जाणारी नाही. मथुरा-वृंदावनात पितृपक्षात देवळांतून रंगीत पुडीची चित्रं घालतात. त्यासाठी कागद कात्रीनं इतका बारीक कापतात की एका कागदात कदंब, मोर, गाई, यमुनेच्या लाटा सगळं मावतं. एका चित्राला अनेक कागद, एकावर एक. चित्र थोड्याच वेळात पुसून टाकतात, साचा मात्र जपून ठेवतात. आपल्या चातुर्मासातले गोपद्मांचे छाप आठवा. ते याच नात्यातले.

आणि जलरंगाचं काय? तिथे एक मौज आहे. साच्याला कोरडा रंग लागतो. ब्रश आखूड, सपाट डोक्याचा. रंगात बुडवून आधी फडक्याला जवळजवळ पुसून टाकायचा आणि मग उभा धरून थोपटायचा. जरा पातळ रंग घेतला की तो साच्याखाली शिरून कडा बिघडल्याच. उलट जलरंगाचा जीवच पाण्यात. म्हणजे जलरंगाची भिंत साच्यानं करायची ही मुळात उलटी मागणी आहे. ती पुरी करायला कोरड्या ब्रशानं फिके थर एकावर एक द्यावे लागतात, एका कडेला गडद दुसऱ्या कडेला उडता रंग ठेवावा लागतो, आणि साचा उचलल्यावर ओलसर स्पंजानं कड मऊ करावी लागते. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला पॅरिसमध्ये पोश्वार नावाची छपाई होती, तिच्यात पातळ धातूच्या साच्यांतून खरोखरीचे जलरंग ब्रशानं भरत. मातीस या चित्रकाराचा 'जाझ' हा १९४७चा प्रसिद्ध चित्रसंग्रह असाच छापला आहे. तिथे प्रत्येक प्रतीवर माणसाचा हात फिरला होता. सगळ्या प्रती सारख्या आणि तरीही हातच्या.

जलरंगातल्या वनस्पतींचं नातं तर आपल्या पुण्याशीही आहे. पुण्याजवळ दापोडीला, इंग्रजांच्या भाषेत दापुरीला, एकोणिसाव्या शतकात सरकारी वनस्पती-उद्यान होतं. अलेक्झांडर गिब्सन नावाचा डॉक्टर त्याचा प्रमुख होता. १८४७ साली तो मुंबई इलाख्याचा पहिला वनसंरक्षक झाला. १८४७ ते १८५० या काळात त्यानं एका चित्रकाराकडून तिथल्या वनस्पतींची दीडशेहून अधिक जलरंगचित्रं काढून घेतली. ती आज एडिंबरोच्या वनस्पती-उद्यानात जपलेली आहेत आणि २००२ साली त्यांवर पुस्तकही निघालं. गिब्सनचं चरित्र सापडतं. झाडांची लॅटिन नावं सापडतात. पण चित्रकार पोर्तुगीज-भारतीय होता, एवढंच कळतं. त्याचं नाव नाही. पाकळीची शीर न् शीर दाखवणाऱ्या माणसाचं नाव लिहून ठेवायची गरज कुणाला वाटली नाही.

इथे मला त्या प्रश्नाचं उत्तर सापडतं, हातानं काढल्यासारखं वाटतं ना, याचं. दापोडीचा चित्रकार साचा न वापरता काढत होता, त्याचं नाव गेलं. सांझीचा कागद कापणारा, दुनहुआंगचा खाका टोचणारा, न्यू इंग्लंडचा रंगारी हे साचा वापरत होते, त्यांचीही नावं गेली. साचा वापरला म्हणून हात नव्हता असं नाही. हात आधी लागून गेला होता, कापताना. साच्याचं काम एवढंच की ज्याला चित्र येत नाही त्याला तो हात उसना मिळावा. ईटनच्या शेतकऱ्याला मन्सूर परवडणार नव्हता. भोकांच्या छापानं गोपद्मं काढणाऱ्या माझ्या आजीला चित्रकलेचा तास कधी मिळालाच नव्हता. साच्याला हिणवणं सोपं असतं, विशेषतः ज्यांना चित्र येतं त्यांना.

एक गोष्ट मात्र खरी. ईटनचा साचा ईटननं कापला होता, आणि खोलीचा कोपरा आला, दार मध्ये आलं, की काय करायचं हे तो तिथल्या तिथे ठरवत होता. आजचा साचा कुठेतरी यंत्रावर कापला जातो आणि पुण्यात, नागपुरात, न्यू जर्सीत तेच कातरलेलं मोठं पान उमटतं. ते पान मॉन्स्टेराचं, मेक्सिकोकडच्या जंगलातलं. परकं आहे म्हणून माझी तक्रार नाही, सुरू आणि अननसही परकेच होते. पण सुरू काढणाऱ्याला तो सुरू आहे हे ठाऊक होतं. आपल्या भिंतीवरच्या झाडाचं नाव घरातल्या कुणालाच सांगता येऊ नये, हे मला जरा खटकतं.

म्हणून ज्यांना अशी भिंत करायची हौस आहे त्यांना सुचवावंसं वाटतं. तयार साचा जरूर आणा, पण एक तरी साचा घरी कापा. काही अवघड नाही. बहाव्याचं, आपट्याचं, कण्हेरीचं, जे तुम्ही रोज पाहता त्याचं पान कागदावर ठेवून भोवती पेन्सिल फिरवा. जुन्या एक्स-रेची फिल्म कोमट पाण्यात धुऊन घ्या, तिच्यावर ते गिरवा आणि धारदार कटरनं कापा. मधल्या शिरेच्या जागी पूल ठेवायला विसरू नका. आपट्याच्या पानाला तर शीर देवानंच बरोबर मधोमध दिली आहे. मुलांना बरोबर घ्या, कापणं मात्र मोठ्यांनी करा. भिंतीवर उमटवल्यावर कोपऱ्यात पेन्सिलीनं बारीक अक्षरात झाडाचं नाव, साल आणि कापणाऱ्याचं नाव लिहून ठेवा. पुढेमागे कुणी त्यावर रंगाचे थर चढवील, कागद डकवील. चढवू दे. खाली नाव असेल.